घरी बसणाऱ्या बाईचं सूत

माझ्या धाकट्या जावेला पाहायला गेलो तेव्हा आमच्या सासूने तिच्या पायाकडे पाहिलं नाही, मांडीकडे पाहिलं. लहानपणच्या तापात तिचा डावा पाय वाळून गेला होता आणि ती भिंत धरून चालायची. तिच्या माहेरचे लोक ते लपवायच्या विचारात होते. सासूने पोरीला आतल्या खोलीत नेलं, लुगडं वर करायला लावलं आणि उजव्या मांडीवरून हात फिरवला. कातडं काळं, टणक आणि गुळगुळीत होतं. केस एकही नव्हता. बाहेर येऊन सासू म्हणाली, "सूत बेस काढन पोरगी." लग्न ठरलं.

आंधळगावात आमच्यासारखी काही घरं कोशाचं कापड विणतात. कोसा म्हणजे रानात ऐनाच्या झाडावर किडा स्वतःभोवती जे कवच करतो ते. पुरुष पुढच्या खोलीत मागावर विणतो. त्याच्या आधी सूत लागतं, आणि ते बाई काढते, मागच्या पडवीत. कोसे सोड्याच्या पाण्यात शिजवायचे, काही कोशांचे तंतू एकत्र धरायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत वळत लाकडी चौकटीवर गुंडाळत जायचे. मांडी उघडी असते म्हणून पडवी मागची. तिकडे पुरुष जात नाहीत. घरचा मुलगासुद्धा मोठा झाला की खाकरून येतो. सुरुवातीला मांडी सोलते, थंडीत फुटते, तिला राख लावायची. मग कातडं मरतं आणि काम सोपं होतं.

मीही वळत होते, पण माझं सूत कुठे दोरीसारखं तर कुठे केसासारखं व्हायचं. सासूने माझ्या हातातून चौकट काढून घेतली ती कायमची. जावेचं सूत मात्र एकसारखं खडबडीत यायचं. ते कसं जमतं ते तिलाही सांगता यायचं नाही.

दीर लवकर मेला. मूल नव्हतं. माझा नवरा गेल्यावर माग माझ्या मुलाकडे आला. जाऊ सूत वळायची, मुलगा विणायचा, सगळे त्यावर खायचो. तिला मजुरी अशी कधी कोणी दिली नाही आणि तिने मागितली नाही. पण जेवताना तिची मान वर असायची. सुनेने भाजीत मीठ जास्त टाकलं तर ती तोंडावर सांगायची, "मिठाची खाण सापडली का वो?" सून गप्प ऐकून घ्यायची. काकूने सूत थांबवलं तर माग थांबतो हे तिला माहीत होतं. चालता न येणाऱ्या, मूल नसलेल्या विधवेला आमच्याकडे घरात अशी मान नसते. जावेला होती, आणि ती फक्त त्या सुताच्या जोरावर होती.

आधी नागपूरचा एक व्यापारी आमच्याकडून करवती काठाच्या साड्या घ्यायचा. तो चोर होता. मापात मारायचा, नसलेली खोट काढायचा. पण तो चोर आमच्या ओसरीवर समोर बसायचा. एकदा सासूने ओल्या सुताची लड त्याच्या तोंडावर फेकली तेव्हा त्याने भाव वाढवून दिला होता. पुढे साड्या कोणी घेईना आणि तो यायचा बंद झाला. मग मोहाडीचा एक माणूस आला. तो म्हणाला, परदेशातली एक कंपनी कोशाचे दुपट्टे घेते, रंग न लावता, आहे तसे. बाहेरच्या लोकांना खडबडीत आवडतं म्हणे. आम्ही त्या माणसाला कंपनीवाला म्हणायचो. तो कंपनीचा नव्हता. तो आमच्याकडून माल गोळा करून नागपूरच्या गोदामात टाकायचा, एवढंच. तरी काही वर्षं काम बरं चाललं.

मग कंपनीने ठरवलं की प्रत्येक कापडाचा उगम तिला ठाऊक पाहिजे. कोसे कोणत्या रानातले, सूत कोणाचं, विणलं कोणी. तिकडचं गिऱ्हाईक विचारतं म्हणे. विचारायला एक पोरगा आला, हातात फोन. मुलाचा फोटो काढला, मागाचा काढला. मग ओसरीवर आम्ही दोघी बसलो होतो तिथे आला.

जावेला म्हणाला, "मावशी, तुम्ही काय काम करता?"

जावेने लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं. "मी काय काम करन बापू? मले तं चालताच येत नाई. घरीच बसून रायतो."

"म्हणजे काहीच नाही?"

"काई नाई."

मग मला विचारलं. मी म्हटलं, "मी बुढी बाई. मले कोण कामाले लावन?"

मग तो मुलाकडे गेला. "सूत कुठून घेता?"

"घरचंच आहे."

"घरचं म्हणजे कोणाकडून?"

"घरचं म्हणजे घरचं, भाऊ. तुमच्या घरी वरण कोणाकडून घेता?"

पोरगा हसला. पण त्याच्या फोनला 'घरचं' हे उत्तर चालेना. त्याला दुकानाचं नाव पाहिजे होतं, नाहीतर सूत काढणाऱ्या माणसाचं. घरात तर काम करणारी बाई एकही नव्हती, आम्हीच सांगितलं होतं. त्याने ती जागा रिकामी सोडली, चहा पिला आणि गेला.

कोणी म्हणेल, बायांनी खोटं का सांगितलं. खोटं नव्हतं ते. आमच्याकडे काम म्हणजे घराबाहेर पडून करायचं ते. धानाच्या रोवणीला जाणं काम, राइस मिलमध्ये जाणं काम, तेंदूपानं तोडायला जाणं काम. घरात बसून जे करतो त्याला कोणी काम म्हणत नाही. आणि एखाद्या बाईने परक्या पोराला सांगावं तरी कसं की बाबा, मी मांडी उघडी टाकून बसते. शेजारच्या घरांतही त्याने विचारलं आणि सगळ्या बायांनी हेच सांगितलं. पूर्ण गल्लीत सूत काढणारी एक बाई सापडली नाही. सूत मात्र रोज निघत होतं.

हिवाळा लागायच्या आधी मोहाडीचा माणूस आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मावशी, आता सूत कंपनीच देईन. घरचं नाई चालत."

मी म्हटलं, "काहून? आमच्या सुताले कीड लागली का?"

"सूत चांगलं आहे. पण दिसत नाई."

"आंधळगावात आमी रायतो, अन् आंधळे तुमी कसे झाले?"

त्याला हसू आलं नाही. तो खाली बसला. "वरच्याईनं नकाशा केला आहे. कोसे कोणत्या जंगलातले ते त्याच्यात दिसते. विणणारा दिसते. मधात सूत कोणी काढलं तथी रिकामं आहे. त्याईले वाटते, आपण कोठून चोरून आणतो, नाईतं लहान लेकरायकडून करून घेतो."

"तुले माहीत नाई का कोण काढते? इतके वर्स झाले, आमच्या घरचा चहा पेते."

"मले माहीत आहे ना. पण मले माहीत असून काय होते?"

पडवीतून जावेने सगळं ऐकलं. ती बाहेर आली नाही. चौकट फिरायचा आवाज तेवढा थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

मी मोहाडीच्या माणसाला म्हटलं, मला घेऊन चल, कोणाला सांगायचं त्याला मी सांगते. तो नको नको म्हणत होता, पण त्याच्या माल न्यायच्या गाडीत मी जाऊन बसले. नागपूरच्या गोदामात काचेच्या खोलीत एक साहेब होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. सूत माझी जाऊ काढते, लेकरं काढत नाहीत, चोरीचं नाही, येऊन पाहा.

तो म्हणाला, "आजी, मी समजलो. पण मी फक्त साठा बघतो. आला किती, गेला किती."

"मंग कोण पायते?"

त्याने फोन लावला. पलीकडे बंगलोरची कोणी बाई होती. ती खरेदीची. ती म्हणाली, कोणाकडून घ्यायचं ते मी ठरवते, पण कोण चालतं आणि कोण नाही ते तपासणारे ठरवतात, ते आमच्या हाताखाली नाहीत. तपासणाऱ्यांना फोन लागला. तिथला माणूस म्हणाला, रिकामी जागा नियमात बसत नाही, पण नियम आम्ही केलेला नाही, तो बाहेरच्या देशातून येतो. यंदा किती दुपट्टे लागतील ते सांगणारा आणखी वेगळा. जहाजाचं बघणारा वेगळा. माल चांगला की वाईट ते बघणारा वेगळा. सगळे नीट बोलत होते. कोणी आवाज चढवला नाही.

आमच्याकडे माणूस मेला तरी कामं वाटून दिलेली असतात. तिरडी एक बांधतो, मडकं एक धरतो, गोवऱ्या एक आणतो. पण प्रेत कोणाचं आहे ते सगळ्यांना माहीत असतं. इथे प्रत्येकाच्या हातात एकेक काम होतं आणि मधलं माणूस कोणाला माहीत नव्हतं. मी उठले. साहेब म्हणाला, "तक्रार वर पाठवतो." म्हणाला आणि त्याने पाठवली, हे त्याचं चांगलं. त्यामुळेच पुढचं सगळं झालं.

थंडीत एक मुलगी आली. ही तपासणाऱ्यांची. पायातले बूट काढून सरळ मागच्या पडवीत येऊन जमिनीवर बसली, सुनेने दिलेले मुरमुरे खाल्ले. मी म्हटलं, बाई माझे, आधी मला हे सांग की तुमच्या कंपनीत कोण कोणाचा आहे. नागपूरला मला काही समजलं नाही.

तिने टोपलीतले कोसे घेतले आणि फरशीवर मांडायला लागली. "हा परदेशातला, आजी. इथे ठरतं यंदा काय विकायचं. हा अंदाज बांधणारा, किती विकलं जाईल त्याचा. हा बंगलोरचा, खरेदीचा. हा दर्जा बघणारा. हा गोदाम आणि जहाज. हे मोहाडीचे काका. आणि हे तुमचं घर." शेवटी एक कोसा तिने ओळीच्या बाहेर, एकटाच ठेवला. "ही मी."

जाऊ म्हणाली, "तू बाहेर काहून बसली? भांडण झालं का?"

मुलगी हसली. "मुद्दाम बाहेर ठेवलंय. खरेदीच्या हाताखाली आम्हाला ठेवलं तर ते आम्हाला गप्प बसवतील. त्यांना माल पाहिजे असतो."

"अन् मालक कोणता यातला?"

"मालक यात नाही."

"मेला का?"

"नाही हो आजी. खूप जण आहेत. थोडाथोडा वाटा असतो प्रत्येकाचा."

मी विचारलं, "तू नाई म्हटलं का सूत बंद होते ना?"

"हो."

"मंग तू हो म्हटलं का सुरू होते?"

"तसं नाही. बंद करणं माझ्या हातात आहे. सुरू करणं खरेदीच्या हातात."

मी त्या कोशांकडे पाहिलं. नागपूरला जे समजलं नव्हतं ते तेव्हा समजलं. बंद करायला यातला एक पुरतो, सुरू करायला सगळे लागतात.

मुलाने काकूला आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. मुलीने विचारलं, तुम्ही काम करता का. जाऊ ताठ बसून शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "हो. मी काम करतो. सूत मी काढतो."

"दाखवाल मला?"

मुलगीच होती, पुरुष कोणी नव्हता. जावेने लुगडं वर घेतलं, राख लावली, कोशांचे तंतू ओढले आणि वळायला लागली. हात असा चालत होता की मीही पाहत बसले. मुलगी मात्र हाताकडे पाहत नव्हती. ती मांडीकडे पाहत होती. थंडीने कातड्याला चिरा पडल्या होत्या, जुन्या चिरांवर नव्या.

"दुखतं का, आजी?"

"आता कायले दुखन? जितं कातडं दुखते."

मुलीने फोन खाली ठेवला. मग मला म्हणाली, "मला हे लिहावं लागेल. मांडीवर सूत काढणं कंपनीत बंद आहे. बायांच्या शरीराला इजा होते म्हणून."

मी म्हटलं, "बंद आहे तं इतके वर्स नेलं काहून?"

"कोणाला माहीत नव्हतं."

"ज्या खडबडीतपणाचे पैसे घेता तो मांडीचाच आहे ना?"

"ते आमच्याकडे नसतं आजी. ते डिझाइनवाल्यांकडे."

"नको लिहू मंग."

"नाही लिहिलं तर जागा रिकामी राहते. तरी बंद होतं. आणि खोटं लिहिलं तर माझं काम जातं." हे ती रडवेल्या तोंडाने म्हणाली. मला तिची कीव आली नाही. रागही आला नाही. ती खरंच सांगत होती. चिरा मलाही दिसत होत्या. त्या मी जन्मभर पाहिल्या आणि इजा हा शब्द माझ्या मनात कधी आला नव्हता, हेही खरं.

जावेला यातलं अर्धं समजलं, अर्धं नाही. तिने एवढंच विचारलं, "माहं नाव घातलं ना त्याच्यात?"

"घातलं, आजी."

संध्याकाळी तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं, "माहं नाव गेलं वो, बाहेरच्या देशात."

नाव गेलं आणि सूत बंद झालं. पण कंपनीत बायांचं भलं बघणाराही एक वेगळा विभाग होता. त्यांनी मोहाडीला सूत काढायची यंत्रं पाठवली. ज्यांची मांडी गेली त्यांना यंत्र, असं त्यांचं म्हणणं. मी जावेला ऑटोत घालून घेऊन गेले. मोहाडीच्या त्या माणसाच्या टिनाच्या शेडमध्ये यंत्रं ओळीने मांडली होती, छान, नवीकोरी. शिकवणाऱ्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "आता दोन्ही पायांनी पायटा दाबत राहायचं, मावशी."

जावेने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उजवा पाय दाबला, डावा हाताने उचलून पायट्यावर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. बाजूच्या यंत्रावरच्या पोरी खाली पाहायला लागल्या. शिकवणारा म्हणाला, विजेवर चालणारं पण येतं, मी वर विचारतो.

जाऊ म्हणाली, "चाला बाई. अथी आपलं काई नाई."

विजेचं यंत्र आलं नाही. आलं असलं तर आमच्यापर्यंत आलं नाही.

कंपनीचं सूत खोक्यांतून यायला लागलं. चीनचं आहे म्हणत होते. सूत चांगलं होतं, तुटत नव्हतं. मुलाचं विणणं दुपटीने व्हायला लागलं आणि तो संध्याकाळी हसून बोलायला लागला. त्याला मी दोष देत नाही. तुटका धागा जोडत ज्याची जवानी गेली त्याला न तुटणारा धागा मिळाला तर तो हसणारच.

काकूला घरात कोणी वाईट बोललं नाही. मुलगा म्हणाला, "आता आराम करा काकू." त्याच्या मनात खोट नव्हती. पण जाऊ जेवायला सगळ्यांच्या मागून बसायला लागली. भाजी खारट झाली तरी खायची. एकदा सूनच म्हणाली, "काकू, मीठ जास्त झालं वाटते आज," तर ही म्हणाली, "नाई वो, बेस आहे." सुनेलाही ते बरं वाटलं नसावं, ती ताट घेऊन आत गेली. पडवीत सुताची खोकी ठेवायला जागा लागत होती. जावेने आपली चौकट आणि टोपली स्वतःच उचलून कोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

मी मुलाला बोलले. "ते तुयी चुलती आहे, भाड्यानं ठेवलेली बाई नोहे."

"माय, मी काय म्हटलं त्याईले? काई म्हटलं का?"

"तेच तं. काई म्हण ना! पयले भांडत होता, सूत जाड झालं, बारीक झालं. आता भांडाले तोंड नाई का?"

"भांडू कशावरून?" तो म्हणाला.

होळीनंतर जाऊ म्हणाली, मी भावाकडे जाते. तिचा भाऊ लाखांदूरच्या पुढे एका खेड्यात असतो, धानाची थोडी शेती आहे. म्हातारा आहे, सून घर चालवते.

मी म्हटलं, "तथी तुले कोण इचारते? जलमभर गेली नाई, आता काहून?"

"तथी मी कधी सूत काढून देल्लं नाई," ती म्हणाली. "तं तथी बसून खाल्लं तरी कोणाले आठवण नाई येणार."

एसटीत चढवायला मुलगा आला. त्याने तिला उचलूनच सीटवर बसवलं आणि खाली उतरून उगाच टायरकडे पाहत उभा राहिला. रडणं वगैरे कोणी केलं नाही. आमच्याकडे लेकीला निरोप देताना रडतात. म्हातारी जाऊ माहेरी परत चालली तर काय करायचं ते ठरलेलं नाही.

पुढच्या वर्षी मोहाडीचा माणूस पुन्हा आला आणि या वेळी चहा मागून घेतला. म्हणाला, "काकू कोठी आहे? त्याईचं सूत पायजे."

परदेशात दुपट्टे विकले जात नव्हते. डिझाइनवाल्यांनी सांगितलं, यात तो जुना खडबडीतपणा नाही, तो परत आणा. खरेदीवाल्यांनी ते गोदामाला कळवलं, गोदामाने मोहाडीला.

"अन् ते मांडी बंद आहे त्याचं?"

"ते बंदच आहे. तपासणीवाले वेगळे, डिझाइनवाले वेगळे. याईले खडबडीत पायजे, त्याईले मांडी नाई पायजे." तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, माह्या शेडातल्या यंत्राच्या नावावर टाकतो ना मी. काढू द्या काकूले घरात बसून. थोडं नमुन्याचं सूत द्या, मी दाखवतो."

लबाडी होती ती. मला चालली. मी शिजवलेले कोसे डब्यात घातले, कोठ्यातली तिची चौकट घेतली आणि लाखांदूरची एसटी धरली.

जाऊ अंगणात वाळत घातलेल्या धानाजवळ बसली होती, हातात काडी, कोंबड्या हाकलत. वाळली होती. मी काय ते सांगितलं. तिने पूर्ण ऐकलंही नाही. "आणले का कोसे? आणा अथी," म्हणाली आणि भिंतीकडे सरकली, रस्त्याला पाठ करून. भावाच्या सुनेकडून चुलीतली राख मागितली. डोळे असे लखलखले होते की मला वाटलं आजच्या गाडीने ही माझ्याबरोबर येईल.

तिने मांडी उघडी केली. मला ओळखू आली नाही. काळं कातडं गळून गेलं होतं, खालून फिक्कं आणि मऊ आलं होतं, त्यावर बारीक पांढरे केस. तिने राख चोळली, तंतू ओढले, हात फिरवला. केसात तंतू अडकला. पुन्हा फिरवला. हात विसरला नव्हता, सूत तेच निघत होतं, तसंच खडबडीत. मी म्हटलं, बघ, येते. ती वळत राहिली. थोड्याच वेळात कातडं सोललं. तरी ती वळत होती. मग सुताला लाल डाग लागायला लागले आणि पुढचं सगळं सूत लालच यायला लागलं.

मी तिचा हात धरला. "थांब वो."

"जितं आहे आता," ती म्हणाली. मांडीकडे पाहत म्हणाली, दुसऱ्या कोणाच्या मांडीकडे पाहावं तसं.

"पुन्हा मरन ना. पयले मेलं तसं."

"एक हिवाळा लागते. तेवढं थांबतीन का ते?"

मी मोहाडीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "हिवाळाभर? नाई मावशी. यंदाचा माल या महिन्यात ठरते. पुढच्या वर्सी डिझाइनले दुसरं काय आवडन, मले काय माहीत." मी फोनचा आवाज मोठा ठेवला होता. जावेने ऐकलं.

तिने लुगडं खाली ओढलं. लाल सूत चौकटीवरून उसवून त्याचा गोळा केला आणि माझ्या हातात दिला. कोंबड्या धानात शिरल्या होत्या. तिने काडी उचलली आणि त्यांना हाकललं.

जेवण झाल्यावर मी निघाले. ती उंबऱ्यापर्यंत सरकत आली.

"बाई," ती म्हणाली, "आता येत नका जाऊ. तुमी येता तं मले वाटते का सूत मागाले आल्या."

"नाई येत," मी म्हटलं.

त्यानंतर मी गेले नाही.